बीसीत दशांशस्थळं बसवताना: टंच, बीड आणि गुंठे

टर्मिनलवर बीसी हे आज्ञा टाइप करून चालवायचं कॅल्क्युलेटर उघडून १०/३ लिहिलं आणि एंटर मारला, की उत्तर येतं ३. तीन पूर्णांक काहीतरी नाही, नुसतं ३. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे कॅल्क्युलेटर अर्धवट आहे. ते अर्धवट नाही. किती दशांशस्थळं हवीत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, आणि सांगितलं नाही तर ते शून्य धरून चालतं. ही संख्या सांगायची जागा म्हणजे स्केल. शब्द एकच, पण त्याचा अर्थ नीट न कळल्यामुळे हिशेब किती बिघडतो ते कोल्हापूर परिसरातल्या तीन प्रकारच्या कामांना बीसी लावताना आम्हाला दिसलं. हुपरीच्या चांदीचा टंच म्हणजे शुद्धतेचं प्रमाण, उद्यमनगरातल्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) कास्टिंगचं वजन आणि जमिनीचे गुंठे, अशी ही तीन कामं. तिन्हीकडे मूळ एकच निघालं. स्केल म्हणजे उत्तर दाखवण्याचं माप, असा समज असतो. खरं तर भागाकार कुठे तोडायचा, याचं ते माप आहे.

खाली सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रापुढे बसल्यावर त्या इंग्रजी अक्षरांत, सगळी अक्षरं लहान ठेवून, इंग्रजी अंकांसकट टाइप करायच्या (शेवटी येणारी, ‘बीसी_’ने सुरू होणारी दोन नावं तेवढी मोठ्या अक्षरांत). हे आधीच सांगायला हवं, कारण मराठी की-बोर्ड चालू राहिला आणि अंक देवनागरीत गेले, तर बीसी ते अंक म्हणून ओळखतच नाही आणि ‘इल्लीगल कॅरॅक्टर’ अशी तक्रार करतं. युनिकोडच्या यूटीएफ-८ या साठवणीत आपला एक अंक तीन बाइटचा असतो, त्यामुळे एका चुकीच्या अंकामागे एकापेक्षा जास्त तक्रारी येतात आणि माणूस गोंधळतो. दुसरी सवय स्वल्पविरामाची. १,२५,००० असं लिहिलं की चुकलंच. बीसीला १२५००० असं सलग लागतं.

बीसीच का

पैशाच्या आणि वजनाच्या हिशेबाला बीसी निवडायचं कारण साधं आहे. पायथॉनसारख्या भाषेत ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ असं उत्तर येतं, कारण आत आकडे दोनच्या पायावर साठवलेले असतात आणि ०.१ ही संख्या तिथे पूर्ण बसत नाही. बीसी आकडा दशमान पद्धतीनेच धरतं, त्यामुळे उत्तर .३ येतं, एका कणाचाही फरक नाही. शिवाय अंकांच्या संख्येला व्यवहारात मर्यादा नाही. शंभर स्थळं मागितली तर शंभर मिळतात.

बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट मॉरिस आणि लोरिंडा चेरी यांनी हे घडवलं, आणि १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत ते आलं. आज लिनक्सवर बहुतेक ठिकाणी असतं ते फिलिप नेल्सन यांनी लिहिलेलं ग्नू बीसी. पुढचं सगळं त्यालाच धरून आहे.

उबुंटू किंवा डेबियनच्या छोट्या इन्स्टॉलेशनमध्ये बीसी नसतं. सुडो एपीटी इन्स्टॉल बीसी एवढं केलं की येतं. विंडोजवर गिट बॅश टाकून बीसी शोधत बसू नका, त्यात ते येत नाही. डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, चालू करून त्यात उबुंटू घ्या. सुरू करताना बीसी -क्यू असं लिहिलं तर वरचा कॉपीराइटचा मजकूर येत नाही. बाहेर पडायला क्विट किंवा कंट्रोल-डी.

स्केल लावणं, आणि ते लागलं का बघणं

स्केल=२ लिहून एंटर. काही छापून येत नाही, येऊ नये. आता १०/३ दिलं की ३.३३ येतं आणि २/३ दिलं की .६६ येतं. दोन गोष्टी इथेच डोळ्यांत भरायला हव्यात. पहिली, दशांशचिन्हाच्या आधीचं शून्य बीसी छापत नाही, ०.६६ ऐवजी .६६ येतं. दुसरी जास्त महत्त्वाची: २/३ चं दोन स्थळांपर्यंतचं जवळचं उत्तर ०.६७ आहे, पण बीसी ०.६६ देतं. ते आकडा उचलत नाही, छाटतं. तिसऱ्या स्थळी ९ असला तरी छाटतं. ऋण संख्येतही तसंच, शून्याकडे छाटणी: -२.६७८/१ चं उत्तर स्केल २ असताना -२.६७ येतं.

सध्या स्केल किती आहे ते बघायचं असेल तर नुसतं स्केल लिहून एंटर मारा, आकडा छापला जातो. ही सवय लावून घ्याच. कारण घाईत ‘स्केल’ च्या स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटीपालटी झाली, तर बीसी चूक दाखवत नाही. ग्नू बीसीत लांब नावांचे चल (किंमत साठवायची नावं) चालतात, म्हणून ते त्या चुकीच्या नावाचा नवा चल तयार करतं, त्यात २ ठेवतं आणि गप्प बसतं. खरं स्केल शून्यावरच. पुढचे सगळे भागाकार पूर्णांकात येतात आणि पडद्यावर चुकीची एकही ओळ नसते. कुठल्याही न दिलेल्या चलाची किंमत बीसी शून्य धरतं, हेही त्याच स्वभावातलं.

स्केल नावाचं एक फंक्शनही आहे. स्केल(१२७५.६४) लिहिलं की उत्तर २, म्हणजे त्या आकड्याला दोन दशांशस्थळं आहेत. कंस असेल तर आकड्याची स्थळं मोजतं, कंस नसेल तर आपली ठरवलेली मर्यादा सांगतं.

स्क्रिप्टमधून वापरताना एको आज्ञेने "स्केल=२; १०/३" हा मजकूर पाइपमधून, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेने, बीसीकडे पाठवतात. प्रत्येक वेळी नवं बीसी सुरू होतं. आधीच्या ओळीत लावलेलं स्केल पुढच्या ओळीतल्या बीसीला माहीत नसतं, त्यामुळे ते दरवेळी पाठवावं लागतं.

गुणाकाराला वेगळा नियम

सर्वांत जास्त प्रश्न इथे येतात. स्केल=२ लावलंय, तरी १२.३४५*१ चं उत्तर १२.३४५ का? आणि स्केल शून्य असताना १.५*१.५ चं उत्तर २.२ का?

बेरीज-वजाबाकीत बीसी स्केलकडे बघतच नाही. दोन आकड्यांत ज्याची स्थळं जास्त, तेवढी उत्तराला. गुणाकाराचा नियम असा: पहिल्या आकड्याची स्थळं आणि दुसऱ्याची स्थळं यांची बेरीज करा, दुसरीकडे स्केल, पहिल्याची स्थळं आणि दुसऱ्याची स्थळं या तिघांत मोठं कोण ते बघा, या दोन्हींत जो आकडा लहान, तेवढी स्थळं उत्तराला मिळतात. १.५*१.५ मध्ये बेरीज २, आणि शून्य, एक, एक यांत मोठा एक. लहान एक. म्हणून २.२५ चं २.२. आणि १२.३४५*१ मध्ये बेरीज ३, तिघांत मोठा ३, म्हणून तीन स्थळं तशीच राहतात.

याचा अर्थ, स्केल वाढवलं तर गुणाकार अचूक होतो, पण स्केल कमी ठेवलं म्हणून गुणाकाराचं उत्तर आखूड होईलच असं नाही. आखूड करायचंच असेल तर एकने भागावं: स्केल=२ असताना १२.३४५/१ चं उत्तर १२.३४. हा ‘भागिले एक’ पुढे फार उपयोगी पडतो.

घाताचा नियम गुणाकाराच्याच जातीचा आहे, आणि जमिनीच्या हिशेबात तो नडतो. आपल्याकडे गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, म्हणून चौरस मीटर काढावे लागतात. फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. त्याचा वर्ग ०.०९२९०३०४. पण स्केल न लावता .३०४८^२ दिलं, तर बीसी चार स्थळांवर थांबतं आणि .०९२९ देतं. स्केल २ असलं तरी तेच. त्यावरून गुंठा १०१.१६८१ चौरस मीटर येतो. खरा आहे १०१.१७१४१०५६. एकराला, म्हणजे ४० गुंठ्यांना, जवळपास १.४ चौरस फुटाचा फरक. शेताला हे चालून जाईल. शहरातल्या प्लॉटच्या कागदावर दोन ठिकाणी दोन आकडे आले, की मग मागे लागतं. स्केल=८ ठेवलं की घात पूर्ण येतो.

घातात दुसरी अडचण म्हणजे घातांक पूर्णांकच लागतो. २^०.५ लिहिलं तर बीसी इशारा देतं आणि घातांकातला दशांश टाकून १ असं उत्तर देतं. वर्गमूळ हवं असेल तर एसक्यूआरटी फंक्शन आहे, आणि ते स्केल नीट पाळतं.

टंचाचा हिशेब: आधी गुणा, मग भागा

हुपरीला पैंजणांच्या कामात चांदीचं वजन आणि टंच यांवरून फाइन, म्हणजे त्यातल्या शुद्ध चांदीचं वजन, काढायचं असतं. वजन १२७५.६४ ग्रॅम, टंच ६८.५. म्हणजे शंभर भागांत साडेअडुसष्ट भाग शुद्ध चांदी. तोंडी सांगताना माणूस म्हणतो, ‘साडेअडुसष्ट टक्के काढ’. आणि टाइप करणारा त्याच क्रमाने लिहितो:

स्केल=२
१२७५.६४*(६८.५/१००)

उत्तर येतं ८६७.४३. वहीत मात्र ८७३.८१ असतं. सहा ग्रॅमहून जास्त चांदी कुठे गेली, तर ती कंसात गेली. ६८.५/१०० म्हणजे .६८५, पण स्केल दोन असल्यामुळे बीसीने ते .६८ वर छाटलं. साडेअडुसष्टमधला वरचा अर्धाच नाहीसा झाला. पुढचा गुणाकार अगदी बरोबर आहे, फक्त तो ६८ टंचाचा आहे.

तेच असं लिहिलं:

१२७५.६४*६८.५/१००

की उत्तर ८७३.८१. आधी गुणाकार होतो, ८७३८१.३४ येतात, आणि छाटणी फक्त शेवटच्या भागाकारात, तिसऱ्या स्थळाला होते. भागाकार जितका मागे ढकलता येईल तितका ढकलायचा. हा नियम आमच्या प्रत्येक सूत्रात आम्ही पाळला.

जीएसटीत हीच चूक आणखी महाग पडते. चांदीवरचा ३ टक्के कर राज्यातल्या राज्यात दीड-दीड टक्क्यांत विभागला जातो. ४८३६५ रुपयांवर दीड टक्का काढताना ४८३६५*(१.५/१००) लिहिलं आणि स्केल २ असलं, तर कंसातल्या .०१५ चं .०१ होतं. कर येतो ४८३.६५. बरोबर उत्तर ७२५.४७५. म्हणजे एक तृतीयांश कर कमी. आकडा दिसायला पैशांसकट व्यवस्थित दिसतो, म्हणून नजरेतून सुटतो.

नुसती छाटणीही हळूहळू खाते. प्रत्येक नोंद दोन स्थळांवर छाटली, तर नोंदीमागे सरासरी अर्धा शतांश ग्रॅम जातो, आणि तो नेहमी एकाच बाजूला जातो. दोनशे नोंदींना सुमारे एक ग्रॅम. कारागिराच्या नावावर जमा धरताना छाटलं तर कारागिराचं जातं, देताना छाटलं तर पेढीचं. दोन्हीकडची माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, वही विश्वासावर चालते. तिथे यंत्राने एकाच बाजूला कलणारा हिशेब करणं आम्हाला मान्य नव्हतं. म्हणून राउंडिंग हाताने बसवावं लागलं.

राउंडिंगचं फंक्शन

बीसीत तयार राउंडिंग नाही. आम्ही वापरतो ते फंक्शन असं आहे, नाव आर:

डिफाइन आर(एक्स,डी) {
ऑटो एस,एच
एस=स्केल
स्केल=डी+१
एच=५/१०^(डी+१)
इफ (एक्स<०) एच=०-एच
एक्स=एक्स+एच
स्केल=डी
एक्स=एक्स/१
स्केल=एस
रिटर्न (एक्स)
}

डी म्हणजे हवी असलेली स्थळं. दोन स्थळांसाठी एच होतो .००५. तो मिळवून मग दोन स्थळांवर छाटलं, की छाटणीचंच राउंडिंग होतं. ऋण आकड्यात तेवढाच वजा करावा लागतो, नाहीतर परत आलेल्या मालाच्या नोंदी उलट्या बाजूला झुकतात.

यातली प्रत्येक ओळ त्या जागीच हवी. उघडणारा महिरपी कंस डिफाइनच्याच ओळीत. ऑटो ही ओळ सर्वांत आधी. एक्स=एक्स/१ हे स्केल परत पूर्ववत करण्याच्या आधी; रिटर्नमध्ये एक्स/१ लिहिलं तर तोवर स्केल जुन्या किमतीला गेलेलं असतं आणि काहीच छाटलं जात नाही. आणि स्केल=एस ही ओळ विसरायची नाही. स्केल ही सगळ्या बीसीची मिळून एकच किंमत आहे. फंक्शनने ती बदलली की बाहेरही बदललेलीच राहते.

फंक्शनला नाव देताना एस, सी, ए, एल, ई, जे ही एकेरी अक्षरं टाळा. गणिताच्या लायब्ररीत साइन, कोसाइन, आर्कटँजंट, लॉग, घातांकी आणि बेसेल ही फंक्शन्स त्याच नावांनी आहेत. आपलं फंक्शन त्यांच्यावर बसतं. वरच्या फंक्शनमध्ये एस हा चल आहे, त्याला हरकत नाही. चल आणि फंक्शन यांची नावं बीसी वेगळी ठेवतं.

हे फंक्शन असूनही चुकायची एक वाट उरते. स्केल २ असताना आर(२/३,२) दिलं, तर उत्तर .६६ येतं. फंक्शनकडे पोचेपर्यंत २/३ चं .६६ झालेलं असतं. एकदा छाटलेलं परत येत नाही. म्हणून चालतं स्केल नेहमी हव्या असलेल्या स्थळांपेक्षा बरंच मोठं ठेवायचं, आणि लहान आकडा फक्त आरच्या दुसऱ्या जागी लिहायचा. आम्ही १० ठेवतो. ग्रॅम दोन स्थळांत, रुपये दोन स्थळांत, मध्ये आठ स्थळांची मोकळीक. दहा स्केल असताना तेच उत्तर .६७ येतं.

आर(२.६७५,२) ला २.६८ मिळतं. पायथॉनचं राउंड याच आकड्याला २.६७ देतं, कारण त्याच्या पोटात २.६७५ किंचित कमी साठवलेला असतो. ‘पाच आला की वर’ या शाळेतल्या नियमाने ज्याची वही लिहिली जाते, त्याच्याशी बीसीचं जुळतं. कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणताना केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० मध्ये पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वरचा रुपया धरायचा असंच आहे, तिथे आर(रक्कम,०).

आता राउंडिंग ओळीगणिक करायचं की बेरजेवर? गणिताच्या दृष्टीने बेरजेवर, एकदाच. पण कारागिराच्या चोपडीत प्रत्येक ओळ दोन स्थळांत लिहिलेली असते आणि तो बेरीज त्या ओळींचीच करून बघतो. यंत्राने न छापलेली स्थळं धरून बेरीज दिली, तर त्याच्या बेरजेपेक्षा .०१ किंवा .०२ वेगळी येते आणि भरवसा जातो. जे कागदावर छापलं जातं तेच बेरजेत घ्यायचं, म्हणजे प्रत्येक ओळ आरमधून काढायची आणि बेरीज त्यांची. छापलं जात नाही ते, म्हणजे मधले टप्पे, पूर्ण स्थळांत. आम्ही हे असं ठेवलं आणि दोन्ही बेरजा जुळल्या.

बिडाचं वजन आणि पाय (π)

बीसी -एल असं सुरू केलं की गणिताची लायब्ररी येते आणि स्केल आपोआप २० होतं. पाय काढायला ४*ए(१) लिहितात, उत्तर ३.१४१५९२६५३५८९७९३२३८४४. खऱ्या पायमध्ये शेवटी ४६ आहे, इथे ४४. ए(१) विसाव्या स्थळाला छाटला गेला आणि छाटलेल्याला चारने गुणलं, तो हा फरक. वीस स्थळं मागून एकोणीस भरवशाची मिळाली असं समजायचं. शेवटचे दोन-तीन अंक नेहमी सोडूनच द्यावेत.

विसाव्या स्थळाने कुणाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते -एल लावून वर स्केल=२ केल्यावर. ए(१) होतो .७८, आणि पाय ३.१२. उद्यमनगरात २५० मिलिमीटर व्यासाची, ४० मिलिमीटर जाडीची गोल चकती ओतायची आहे असं धरू. ग्रे बिडाची घनता ७.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली, तर पूर्ण स्थळांनी वजन १४१३७ ग्रॅम येतं, आणि ३.१२ च्या पायने १४०४०. नगामागे ९७ ग्रॅम. पाचशे नगांच्या कोटेशनमध्ये साडेअठ्ठेचाळीस किलो धातू धरायचाच राहतो. वजन दोन स्थळांत हवं म्हणून कुणीतरी वर स्केल=२ लिहिलेलं असतं, एवढंच त्याचं कारण. -एल न लावता ए(१) मागितलं, तर फंक्शन सापडलं नाही असं बीसी सरळ सांगतं, ते बरं.

एकर-गुंठे आणि बाकी

१३७ गुंठे म्हणजे किती एकर किती गुंठे? स्केल शून्य असताना १३७/४० चं उत्तर ३ आणि १३७%४० चं उत्तर १७. तीन एकर सतरा गुंठे. स्केल=२ केलं की १३७/४० होतं ३.४२ आणि १३७%४० होतं .२०. हे .२० कुठून आलं, तर बीसी बाकी काढताना आधी त्या वेळच्या स्केलने भागतं, मग भागाकार गुणून वजा करतं: १३७ मधून ३.४२ गुणिले ४०, म्हणजे १३६.८०, गेले की .२०. नियमाप्रमाणे बरोबर, कामाला निरुपयोगी. बाकीसाठी वेगळं फंक्शन ठेवलं, नाव एम: स्केल एसमध्ये ठेवा, स्केल=०, एक्स=एक्स%वाय, स्केल=एस, रिटर्न. १३७.५ गुंठे दिले तरी १७.५ नीट येतात.

फाइल, आणि ती आपोआप लागू करणं

दोन्ही फंक्शन्स आणि स्केल=१० ही ओळ एका फाइलमध्ये ठेवली आणि बीसी -एल च्या पुढे फाइलचं नाव लिहिलं, की आधी लायब्ररी, मग आपली फाइल, मग टाइप केलेलं किंवा पाइपमधून आलेलं वाचलं जातं. लायब्ररीचं २० आपल्या १० ने बदलतं, क्रम बरोबर बसतो. फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर हवा. फाइल विंडोजच्या नोटपॅडमधून आली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर येतं आणि बीसी ‘इल्लीगल कॅरॅक्टर’ म्हणून टोपीच्या खुणेपुढे एम दाखवतं. डॉस-टू-युनिक्स आज्ञा चालवली की जातं.

बीसी स्वतःहून घरच्या फोल्डरमधली कुठलीही फाइल वाचत नाही. त्यासाठी बीसी_ईएनव्ही_एआरजीएस नावाचा एन्व्हायर्नमेंट चल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून दिलेली किंमत, आहे. त्यात -क्यू, -एल आणि फाइलचा पूर्ण पत्ता लिहून बॅशआरसीत (टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) एक्सपोर्ट करायचा. पत्त्यात मोकळी जागा नको, तिथेच तो तुटतो. हे सोयीचं आहे, पण आम्ही हिशेबाच्या यंत्रावर ते काढून टाकलं. एकतर त्या यंत्रावरच्या दुसऱ्या स्क्रिप्ट बीसीला शून्य स्केल आहे असं धरून पूर्णांक भागाकार करत होत्या, त्यांना अचानक दहा स्थळं मिळू लागली. दुसरं, रात्री क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालणारी कामं बॅशआरसी वाचत नाहीत; तीच स्क्रिप्ट दिवसा हाताने चालवली तर एक उत्तर, रात्री दुसरं. फाइलचं नाव प्रत्येक आज्ञेत उघड लिहिणं थोडं लांब पडतं, पण तिथे कोणता नियम लागू आहे ते वाचणाऱ्याला दिसतं.

उत्तर पुढे दुसऱ्या प्रोग्रॅमला द्यायचं असेल तर सुरुवातीचं नसलेलं शून्य आठवणीत ठेवा, जेसन हा माहिती देण्याघेण्याचा साचा .६८ स्वीकारत नाही, ०.६८ च लागतं. आणि स्केल मोठं ठेवून सरळ छापलं तर सत्तर अक्षरांपाशी ओळ मोडून शेवटी उलटी तिरकी रेघ येते. बीसी_लाइन_लेंग्थ हा एन्व्हायर्नमेंट चल ० केला की ओळ सलग येते.

यंत्र बदललं, उबुंटूची आवृत्ती बदलली किंवा फाइलला कुणी हात लावला, की आम्ही पाच ओळी चालवून बघतो. आर(२.६७५,२) ला २.६८. आर(०-२.६७५,२) ला -२.६८. आर(२/३,२) ला .६७. एम(१३७,४०) ला १७. आणि शेवटी नुसतं स्केल; तिथे १० च यायला हवेत. २ किंवा ० आले, तर कुठल्यातरी फंक्शनमधली स्केल=एस ही ओळ गेली आहे, ती आधी शोधायची.